गाझीचे ग्रीक नाणे

एखादे युद्ध धर्मासाठी झाले की केवळ धर्माच्या नावाने झाले, हे ठरवायचे तर लढणाऱ्याच्या मनात शिरावे लागते, आणि इतिहासाला नेमके तेच साधत नाही. इस्लामी धर्मशास्त्राला ही अडचण फार आधीपासून ठाऊक होती. कृत्याचे मोल ते करणाऱ्याच्या निय्यतीवर, म्हणजे अंतःकरणातल्या हेतूवर, ठरते हे त्या शास्त्राचे पायाभूत तत्त्व असल्यामुळे लुटीसाठी तलवार उपसणारा, नावलौकिकासाठी उपसणारा आणि ईश्वरासाठी उपसणारा हे तिघे एकाच रांगेत लढले तरी शास्त्राच्या हिशेबी एका पंक्तीला बसत नाहीत. परंतु निय्यत ईश्वरालाच कळते, असेही तेच शास्त्र सांगते. तेव्हा ज्याला जग ‘गाझी’ म्हणते त्याच्याविषयी जगाने नेमके काय जाणलेले असते, असा प्रश्न उरतो. अनातोलियाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पठारावर अकराव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे शंभर वर्षे राज्य केलेल्या दानिशमंद घराण्याच्या इतिहासात हा प्रश्न जितका उघडा पडतो तितका क्वचितच अन्यत्र पडत असेल.

‘गाझी’ म्हणजे ‘गझा’ करणारा, आणि गझा या शब्दाचे मूळ फारसे पवित्र नाही. इस्लामपूर्व अरबस्तानात एका टोळीने दुसऱ्या टोळीचे उंट वळवून नेण्यासाठी घातलेल्या धाडीला ‘गझ्व’ म्हणत. मराठीतला ‘मुलूखगिरी’ हा शब्द त्याच्या बराच जवळचा आहे. पुढे प्रेषितांच्या मोहिमांना तोच शब्द लागला, धर्मशास्त्र्यांनी त्याला जिहादच्या व्यापक कल्पनेत बसवले आणि त्याला नियम घालून दिले : शत्रूला आधी धर्माचे आवाहन करावे, त्याने ते नाकारल्यास जिझिया देऊन संरक्षण स्वीकारण्याची संधी द्यावी, तेही नाकारल्यास लढावे, आणि लुटीचा पाचवा हिस्सा सार्वजनिक कामासाठी काढून ठेवावा. जिझिया म्हणजे मुस्लिम राज्यात आपल्या धर्मासह राहू दिलेल्या ज्यू, ख्रिस्ती इत्यादी प्रजेवरचा डोईपट्टीसारखा कर. धाड तीच राहिली, तिच्याभोवती कायद्याचे कुंपण आले. मात्र सरहद्दीवर हे कुंपण कितपत टिकले ते पाहावे लागते.

१०७१ साली मान्झिकर्टच्या लढाईत सेल्जुक तुर्कांनी बायझंटाईन सम्राटाला कैद केल्यानंतर अनातोलियाचा दरवाजा उघडला, आणि त्यातून एका सुसूत्र साम्राज्यापेक्षा आपापल्या जोरावर मुलूख धरणारे सरदार अधिक आत आले. सिवास, तोकात, निक्सार, अमास्या या उत्तर-मध्य भागात ज्याने बस्तान बसवले तो दानिशमंद गाझी. ‘दानिशमंद’ हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ विद्वान, अध्यापक असा होतो. म्हणजे तलवारीच्या बळावर उभ्या राहिलेल्या या घराण्याचे नाव एका पंतोजीच्या हुद्द्यावरून पडले. त्याच्या पूर्वायुष्याबद्दल विश्वासार्ह असे जवळजवळ काहीच हाती लागत नाही. एदेसाचा मॅथ्यू हा आर्मेनियन इतिहासकार तर त्याला वंशाने आर्मेनियन म्हणतो, आणि ११०४ च्या सुमारास तो वारला तेव्हा भला, प्रजेचे कल्याण करणारा, ख्रिस्ती लोकांवर दया करणारा माणूस गेला, अशा अर्थाची नोंद करतो. वंशाचा दावा खरा असण्याची शक्यता कमी आहे. पण परधर्मीयांविरुद्ध लढणे हेच ज्याच्या पदवीचे सार, त्याला एक परधर्मीय मठवासी आपल्या वंशात ओढू पाहतो, ही गोष्ट दाव्याच्या खरेखोटेपणापेक्षा महत्त्वाची आहे.

मलात्या शहराच्या प्रकरणात हे अधिक जवळून दिसते. युफ्रेटिस नदीच्या बाजूच्या या शहरावर गॅब्रिएल नावाच्या सरदाराचा अंमल होता. तो आर्मेनियन असून ग्रीक चर्चचा अनुयायी होता. शहरातल्या ख्रिस्ती प्रजेत सीरियन चर्चचे लोक मोठ्या संख्येने होते, आणि ४५१ सालच्या कॅल्सिडॉनच्या धर्मपरिषदेपासून ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीच्या वादामुळे ही दोन चर्चे एकमेकांना पाखंडी मानत आली होती. शहराला तुर्कांचा वेढा पडलेला असताना गॅब्रिएलने सीरियन बिशपालाच ठार मारले. पुढे ११०२ च्या सुमारास शहर पडले तेव्हा दानिशमंदाने आपल्या मुलखातून धान्य आणि बैल आणवून तेथील रहिवाशांना वाटल्याचे सीरियन चर्चचा प्रमुख धर्मगुरू मायकेल याने लिहून ठेवले आहे. मायकेल याच शहरात ११२६ साली जन्मला, तेव्हा ही आठवण त्याने घरच्या वडीलधाऱ्यांकडूनच ऐकली असण्याचा संभव आहे. वेढ्याने उजाड झालेल्या शेतीला बैल पुरवणे ही पुढच्या वर्षीच्या महसुलाची तजवीजही असू शकते, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे ठरवता येणार नाही. तरीही मलात्याच्या सीरियन शेतकऱ्याला त्या क्षणी आपला धर्मबंधू आणि आपला शत्रू कोण, हे धर्माच्या नकाशावरून सांगता आले नसते.

दानिशमंदाने मलात्याला घातलेल्या वेढ्यातून गॅब्रिएलला सोडवायला निघालेला अँटिऑकचा फ्रँक राजपुत्र बोहेमंड ११०० साली दानिशमंदाच्या हाती लागला आणि निक्सारच्या किल्ल्यात सुमारे तीन वर्षे अडकून पडला. पहिल्या क्रुसेडचा हा नायक म्हणजे धर्मयुद्धाच्या दृष्टीने केवढी मोठी शिकार. पण पुढे जे घडले तो सरळ सरळ सौदा होता. बायझंटाईन सम्राट अलेक्सिओस याला बोहेमंड आपल्या ताब्यात हवा होता आणि त्यासाठी तो मोठी रक्कम मोजायला तयार होता. ती रक्कम आली तर आपला अर्धा वाटा हवा, असे कोन्याकडचा सेल्जुक सुलतान किलिज अर्सलान म्हणू लागला. तेव्हा दानिशमंदाने सम्राटाला बाजूला सारून एक लाख सुवर्णनाण्यांवर बोहेमंडशीच तडजोड केली. ही रक्कम उभी करणाऱ्यांत कोघ वासिल हा आर्मेनियन सरदारही होता. ११०३ साली कैदी सुटला आणि वाट्यावरून दोन मुस्लिम सत्ताधीशांचे आपसांत युद्ध जुंपले. इकडे बोहेमंडने आपली सुटका कैद्यांचा कैवारी संत लेओनार्ड याच्या कृपेने झाली असे जाहीर करून फ्रान्समधल्या त्याच्या देवस्थानी चांदीच्या साखळ्या वाहिल्या. खंडणीचा व्यवहार असा दोन-तीन वर्षांत चमत्कार होऊन बसला. व्यवहार आणि चमत्कार यांपैकी एक खरा आणि दुसरा सोंग, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे, कारण साखळ्या वाहणाऱ्याला कदाचित दोन्ही खरेच वाटत असतील.

मात्र या घराण्याचा सर्वांत बोलका पुरावा नाण्यांत आहे. संस्थापकाचा मुलगा अमीर गाझी (कारकीर्द ११०४–११३४) याने तांब्याची नाणी पाडली. त्यांच्या एका बाजूस प्रभावलयासह येशू ख्रिस्ताची छातीपर्यंतची प्रतिमा आहे आणि दुसऱ्या बाजूस चार ओळींत ग्रीक लिपीतला आणि ग्रीक भाषेतला मजकूर आहे : थोर अमीर, अमीर गाझी. येथे ‘गाझी’ हे विशेषनाम आहे की पदवी, हे नाण्यावरून सांगता येत नाही. पण ख्रिस्ताच्या पाठीशी, त्याच धातूच्या चकतीवर, ग्रीक अक्षरांत कोरलेला तो शब्द पाहिला की धर्मयुद्धाविषयीच्या अनेक ग्रंथांची पाने कोरी वाटू लागतात. त्याचा मुलगा मलिक मुहंमद (११३४–११४२) याने प्रतिमा टाळल्या, पण भाषा टाळली नाही. त्याच्या नाण्यावर दोन्ही बाजूंस ग्रीकच असून तीत तो स्वतःला सर्व रोमानिया आणि अनातोलियाचा थोर मलिक म्हणवतो. रोमानिया म्हणजे रोमनांचा, अर्थात बायझंटाईनांचा देश. ठसा कोरणाऱ्याने ‘मलिक’चे ‘मेलिकिस’ आणि ‘मुहंमद’चे ‘माखामातिस’ करून दोन्ही शब्दांना ग्रीक प्रत्यय चिकटवले आहेत. फारसी शब्दांना आपले प्रत्यय लावून ते पचवणाऱ्या आणि ‘मलिक’ ही पदवी मलिक अंबरच्या नावातून ओळखणाऱ्या मराठी वाचकाला ही कारागिरी परकी वाटू नये.

याचे व्यावहारिक स्पष्टीकरण अवघड नाही. या मुलखातली बहुसंख्य प्रजा अजून ख्रिस्ती होती आणि ग्रीक, आर्मेनियन किंवा सिरियाक बोलत होती. ख्रिस्ताची प्रतिमा असलेली बायझंटाईन तांब्याची नाणी तिच्या हातात शंभरएक वर्षे खेळत आली होती. सुटी नाणी बाजारात चालायची तर ती ओळखीची दिसली पाहिजेत, आणि टांकसाळीतले कारागीरही बहुधा जुनेच असणार. पण व्यावहारिक स्पष्टीकरण दिले म्हणजे धर्माचा प्रश्न मिटत नाही. उलट तो अधिक टोकदार होतो. नाणे आणि खुत्बा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाच्या वेळचे प्रवचन, या दोहोंत नाव येणे ही इस्लामी जगात राजसत्तेची खूण मानली जाई. त्या खुणेवर ख्रिस्ताला जागा देताना अमीर गाझीच्या धर्मभावनेला काही टोचले असेल का? येशू हा इस्लाममध्येही प्रेषितच आहे, ही सबब शास्त्र्याला सुचली असती. पण सबब शोधण्याची गरज कोणाला भासल्याची खूण मिळत नाही. सरहद्दीवरचे दुसरे एक तुर्क घराणे याहीपुढे गेले होते. गझनीच्या महमूदाने १०२७–२८ च्या सुमारास लाहोरात, म्हणजे त्याने महमूदपूर नाव दिलेल्या शहरात, पाडलेल्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस अरबी कलमा आहे आणि दुसऱ्या बाजूस त्याचे संस्कृत रूपांतर आहे. त्यात ईश्वराला ‘अव्यक्त’ आणि प्रेषिताला ‘अवतार’ म्हटले आहे. ईश्वर मनुष्यरूप घेतो ही कल्पना ज्या धर्माला सर्वस्वी अमान्य, त्याच्या मूळ प्रतिज्ञेचे भाषांतर ‘अवतार’ या शब्दाने व्हावे, आणि तेही मूर्तिभंजक म्हणून ज्याची ख्याती त्याच्या टांकसाळीत, हे अमीर गाझीच्या नाण्यापेक्षाही जास्त चक्रावून टाकणारे आहे.

या घराण्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ११३० साली किलिकियात अमीर गाझीच्या सैन्याने बोहेमंडच्या मुलाला, दुसऱ्या बोहेमंडला, लढाईत मारले आणि त्याचे शिर बगदादच्या खलिफाकडे नजराणा म्हणून पाठवण्यात आले. काही वर्षांनी खलिफा अल-मुस्तर्शिद आणि महान सेल्जुक सुलतान संजर यांच्याकडून अमीर गाझीला ‘मलिक’ ही पदवी, काळी निशाणे आणि नगारे आले. काळा हा अब्बासी खलिफांचा रंग. वकील पोचले तेव्हा अमीर मरणशय्येवर होता आणि तो मान त्याच्या मुलाच्या पदरात पडला. म्हणजे पदवी बगदादहून अरबीत आली आणि मुलाने ती ग्रीक अक्षरांत प्रजेपुढे ठेवली. ‘गाझी’ हा शब्द कोणाला उद्देशून होता, ते येथे स्पष्ट होते. तो तोकातच्या बाजारातल्या आर्मेनियन दुकानदारासाठी नव्हता, आणि वेढा घातलेल्या शहरातल्या शत्रूसाठीही नव्हता. दूरच्या मुस्लिम जगात ज्याच्या कुळाचा पत्ता नाही अशा सरदाराने तिथल्या दरबारात आपले स्थान मागण्यासाठी सादर केलेला तो दाखला होता.

सरहद्द ओलांडणे दोन्ही बाजूंना किती सोपे होते याचे एक उदाहरण बायझंटाईन इतिहासकार निकेतास खोनियातिस देतो. सम्राट दुसऱ्या योहानेसचा भाऊ इसाक हा सिंहासनाच्या वादात ११३० मध्येच दानिशमंदांच्या आश्रयाला जाऊन आला होता. दहाएक वर्षांनी सम्राटाने निक्सारला वेढा घातला असताना इसाकचा मुलगा, त्याचेही नाव योहानेसच, चुलत्याच्या छावणीत होता. सम्राटाने त्याला त्याचा अरबी घोडा एका इटालियन सरदाराला देऊन टाकायला सांगितले. घोडा द्यावा लागलाच, पण पुतण्या रागाने दुसऱ्या घोड्यावर बसून थेट तुर्कांकडे निघून गेला, मुसलमान झाला आणि सेल्जुक सुलतानाचा जावई झाला. एका घोड्यापायी धर्म बदलला, असे हसण्यावारी नेता येईल. पण निय्यतीचे तत्त्व येथे लावून पाहिले तर काय हाती लागते? त्या माणसाने पुढे प्रामाणिकपणे नमाज पढला असेल, तर त्याच्या श्रद्धेचा उगम रागात आहे म्हणून ती श्रद्धा खोटी ठरते का? धर्मशास्त्र म्हणेल, निय्यत त्या त्या कृत्यागणिक नवी असते. इतिहासकाराला इतकी उसंत नसते आणि तो पहिल्याच हेतूवर शिक्का मारून मोकळा होतो.

आधुनिक संशोधनात हाच वाद उस्मानी साम्राज्याच्या निमित्ताने झाला. १९३० च्या दशकात पॉल विटेक याने उस्मानींच्या उदयाचे मूळ गझाच्या धर्मभावनेत आहे असे मांडले, आणि दानिशमंदांना त्याच परंपरेचे आधीचे प्रतिनिधी मानले. पुढे रूडी लिंडनर याने टोळीची संघटना, हीथ लोरी याने लूट आणि गुलाम हे खरे इंधन असल्याचे प्रतिपादले. साम्राज्याचा संस्थापक उस्मान याचा जवळचा साथीदार कोसे मिहाल हा ख्रिस्ती होता, याकडेही टीकाकारांनी बोट दाखवले. जेमाल काफादार याने १९९५ मध्ये या दोन पक्षांमधली भिंतच संशयास्पद ठरवली : सरहद्दीवरच्या माणसाला गझा आणि समावेशकता यांत विरोध दिसत नव्हता, तो विरोध आपल्या प्रश्नात आहे. दानिशमंदांची नाणी पाहता काफादारचे म्हणणे पटते, पण ते थोडे पुढे न्यावे लागते. विरोध दिसत नव्हता तो सरहद्दीवरच्यांना. सरहद्द मागे पडल्यावर तो दिसू लागला.

त्याचा पुरावा ‘दानिशमंदनामा’ या तुर्की वीरगाथेत आहे. बखर आणि पोवाडा यांच्या मधोमध कुठेतरी बसणारी ही रचना प्रथम तेराव्या शतकाच्या मध्यास इब्न आला याने सेल्जुक सुलतानासाठी सिद्ध केली आणि १३६० च्या सुमारास तोकातचा किल्लेदार आरिफ अली याने ती नव्याने लिहिली. आज उपलब्ध आहे तो आरिफ अलीचा पाठ. तीत दानिशमंद गाझी हा बत्ताल गाझी या जुन्या अरब वीराचा वंशज होतो, शहरामागून शहर जिंकतो, आणि हरलेल्यांपुढे बहुतेक वेळा धर्मांतर किंवा मृत्यू एवढेच पर्याय राहतात; शास्त्रातला जिझियाचा मधला पर्याय कथेच्या आवेशात बाजूला पडतो. मलात्यात वाटलेल्या धान्याला आणि बैलांना या आवेशात जागा नाही. आरिफ अली लिहीत होता तेव्हा तोकात सरहद्द न राहिल्याला दीडदोनशे वर्षे लोटली होती, आणि ज्याच्याशी तडजोड करून बाजार चालवावा लागे असा बरोबरीचा ख्रिस्ती शेजारी तिथे उरला नव्हता. धर्माची धार अशी लढाईच्या वेळेपेक्षा आठवणीच्या वेळी चढलेली दिसते.

तरी गाथेलाही सरहद्दीची खोड पुरती सोडवत नाही. तिचा दुसरा नायक अर्तुही हा ख्रिस्ती असून एफ्रोमिया या ख्रिस्ती सरदारकन्येच्या प्रेमापायी दानिशमंदाला येऊन मिळतो. दोघे मुसलमान होतात आणि एफ्रोमिया स्वतः शस्त्र घेऊन लढते. गंमत अशी की नॉर्मंडीतला ऑर्डेरिक व्हितालिस हा मठवासी बाराव्या शतकातच नेमकी उलटी गोष्ट सांगत होता : दानिशमंदाची मुलगी मेलाझ बंदिवान बोहेमंडला साहाय्य करते आणि ख्रिस्ती होते. ग्रीकांकडे ‘दिगेनीस अक्रितास’ ही सरहद्दीच्या रक्षकाची गाथा आहे. तिच्या नायकाचा बाप अरब अमीर असून ग्रीक मुलीसाठी तो धर्म बदलतो, आणि ‘दिगेनीस’ या नावाचा अर्थच दोन कुळांत जन्मलेला असा आहे. तिन्ही कथांत धर्माचा विजय होतो, आणि तिन्हींत तो शास्त्रार्थाने होत नाही, प्रेमाने होतो. धर्मांतराचे याहून वेगळे कारण सांगायचे तर कथा रंगणार नाही, हे खरे. पण शत्रूच्या घरातली माणसे हवीहवीशी वाटतात हे गृहीत धरल्याशिवायही ती रंगणार नाही.

घराण्याचा शेवट गाथेच्या कक्षेबाहेर आहे. मलिक मुहंमदाच्या मृत्यूनंतर सिवास, कायसेरी आणि मलात्या अशा शाखा पडल्या. सिवासच्या यागिबसानने तोकात आणि निक्सार येथे मदरसे बांधले. निक्सारचा मदरसा ११५७–५८ चा असून अनातोलियातल्या सर्वांत जुन्या मदरशांत त्याची गणना होते. पंतोजीच्या नावाचे घराणे अखेर तिसऱ्या पिढीत शाळेपर्यंत पोचले, आणि गझा म्हणजे काय, तिच्या अटी कोणत्या, हे धडे देण्याची सोय झाली तेव्हा राज्याची अखेर जवळ आली होती. ती आणली ती कोणा ख्रिस्ती राजाने नव्हे, तर सेल्जुक सुलतान दुसऱ्या किलिज अर्सलानने. ११६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो स्वतः कॉन्स्टँटिनोपलला सम्राट मानुएलचा पाहुणा म्हणून तब्बल ऐंशी दिवस राहून आला होता. ११७५ च्या सुमारास त्याने सिवास घेतले आणि ११७८ मध्ये मलात्या.

‘दानिशमंदनाम्या’त नायकाला निक्सारपाशी वीरमरण येते आणि तो तिथेच पुरला जातो. ११७६ साली त्याच निक्सारपुढे बायझंटाईन सेना येऊन उभी राहिली. तिचा सेनापती आन्द्रोनिकोस वतात्झेस हा सम्राटाचा आप्त होता, आणि मोहिमेचे निमित्त होते झुन्नूनला त्याचे राज्य परत मिळवून देण्याचे. झुन्नून हा मलिक मुहंमदाचा मुलगा, अमीर गाझीचा नातू. राज्य गेल्यावर तो कॉन्स्टँटिनोपलच्या आश्रयाला गेला होता. मोहीम फसली, वतात्झेस मारला गेला, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला मिरिओकेफालोनच्या खिंडीत मानुएलची मुख्य सेना अडकली तेव्हा तुर्कांनी भाल्यावर खोचलेले वतात्झेसचे शिर सम्राटाला दाखवले. झुन्नूनच्या राज्यातली नाणी तेव्हाही बाजारात असतील. त्यांच्या एका बाजूला अरबी होते आणि दुसऱ्या बाजूला ग्रीक.